सहीतले पहिले अक्षर

ती सही आजही डोळ्यांसमोर येते आणि आली की हातातला चहा तसाच राहतो. फौजदार म्हणून भरती झालो, निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून फुटलेली डोकी तर मोजली नाहीत. त्या त्या वेळी राग आला आणि आरोपी आत गेला की शमला. या प्रकरणाचा राग मात्र शमला नाही. यात कोणी कोणाला चापटसुद्धा मारली नव्हती. एका बाईचा निम्मा कारखाना पंख्याखाली बसून, चहा पीत, पेनाने पळवला होता.

परभणी जिल्ह्यात कापसाच्या व्यापारावर चालणारे एक तालुक्याचे गाव, त्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचे नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. दिवस आठवडी बाजाराचा होता. बाजाराच्या दिवशी ठाण्याची काय अवस्था होते हे पोलिसालाच ठाऊक. कोणाचा मोबाईल गेलेला, कोणाचा खिसा कापलेला, दोन मेंढपाळ एकाच मेंढीवर हक्क सांगत पायरीवर बसलेले आणि मेंढी आवारात फिरणारी. त्या गर्दीत एक चाळिशीची बाई कापडी पिशवी घेऊन दोन तास बाकावर बसून होती.

तिचा नंबर आला तेव्हा तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला दोन पानी अर्ज पुढे केला. विषय होता, 'कंपनीतील माझे शेअर माझ्या परस्पर दिरांच्या नावावर झाल्याबाबत'. मी चार ओळी वाचल्या आणि अर्ज खाली ठेवला.

"ताई, हे दिवाणी आहे. कोर्टात जा."

"दिवाणी म्हंजी काय साहेब? माझं माझ्याकडून नेलं, मला न सांगता नेलं. चोरी न्हाई का ही?"

"वकिलाला दाखवा."

"वकिलाला दाखवलं. ते म्हणले, आधी पोलिसात जा."

मी अर्जावर शेरा मारला: 'सदर बाब दिवाणी स्वरूपाची असून अर्जदारास सक्षम न्यायालयात दाद मागणेबाबत समज देण्यात आली.' हे वाक्य आम्ही झोपेतसुद्धा लिहू शकतो. खाली सही ठोकली. बाईने पिशवी उचलली आणि मेंढीला वळसा घालून निघून गेली. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. हा शेरा पुढे कुठे उगवला ते शेवटी सांगतो.

चौथ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ रेशनकार्ड हरवल्याचा दाखला मागायला आले. धोतर, काळी टोपी, खिशाला दोन पेनं. दाखला मिळाला तरी ते उठेनात. लेखनिक हवालदार बाहेर गेला तसे ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "साहेब, रेशनकार्ड घरीच हाय. त्या वैनीसाहेबांचा अर्ज तुमी परत केला म्हणं."

ते त्या कंपनीचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगचे, जुने मुनीम निघाले. त्यांनी जे सांगितले त्यावरून मला प्रकरण पहिल्यांदा नीट कळले.

दोन भावांची जिनिंग-प्रेसिंगची कंपनी. प्रायव्हेट लिमिटेड, पण सगळा कारभार घरचाच. धाकट्या भावाचे लग्न झाले तेव्हा जिनिंग म्हणजे एक पत्र्याची शेड होती. पहिली मोठी यंत्रे घ्यायला बायकोचे सोने मोडले. ती राणीसावरगावच्या शेतकरी घरातली, बापाने अंगावर बऱ्यापैकी घातले होते. धाकट्याने त्याची जाण ठेवली. कंपनी झाली तेव्हा निम्मे शेअर थोरल्याच्या नावावर गेले आणि धाकट्याने आपले निम्मे स्वतःच्या नावावर न घेता बायकोच्या नावावर घातले. दर पाडव्याला ऑफिसात पूजा व्हायची आणि नफ्यातला ज्याचा त्याचा वाटा, म्हणजे कायद्याच्या भाषेत लाभांश, पाकिटात घालून वर कुंकू लावून दिला जायचा. घरात त्याला पाडव्याचे पाकीटच म्हणत.

मग धाकटा भाऊ कापसाच्या ऐन हंगामात हृदयविकाराने गेला. त्या वर्षीचे पाकीट आले नाही, पुढच्या वर्षीचेही आले नाही. आणि आता, तीन वर्षांनी, बाईला नोटीस आली होती की जिनिंगच्या आवारातले घर कंपनीच्या मालकीचे आहे, आपण भागधारक नाही, सबब तीस दिवसांत घर खाली करावे.

"शेअर गेले कसे?" मी विचारले.

मुनीम दाराकडे बघत म्हणाले, "मागं बँकेचं कर्ज काढलं तवा बँकेनं शेअर तारण मागितले. ते हस्तांतराचे फॉर्म असतेत ना, त्यावर वैनीसाहेबांची सही घेतली. कोरेच फॉर्म. तारीख न्हाई, नाव न्हाई. कर्ज फिटलं, बँकेनं फॉर्म परत दिले. मीच ठिवले कपाटात. आता म्या कपाट बघितलं तर न्हाईत."

"हे जबाबात सांगाल?"

"पोरगं तितंच कामाला हाय, साहेब. म्या आलोच न्हवतो." ते उठले, हरवला नसलेल्या कार्डाचा दाखला नीट घडी करून खिशात ठेवला आणि गेले.

मी कपाटातून बाईचा अर्ज परत काढला. या वेळी दोन्ही पाने वाचली. लाज वाटली, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. त्या दोन पानांत सगळे होते. सोने, शेअर, पाकीट, नोटीस, सगळे क्रमाने. मीच चौथ्या ओळीला थांबलो होतो.

थोरल्या शेठना चौकशीसाठी बोलावले. पांढरे कपडे, कपाळाला गंध, सोबत पेढ्यांचा पुडा. पुडा मी हवालदाराकरवी त्यांच्या गाडीत परत ठेवायला लावला. त्यांना राग आला नाही. असल्या माणसांना बारीकसारीक गोष्टींचा राग येत नाही.

"घरातली बाब हाय साहेब," ते म्हणाले. "धाकटीला आमी उपाशी ठिवलं का? दर महिन्याला किराणा जातो. तेल, साखर, समदं."

"आणि लाभांश?"

"नफाच न्हाई तर लाभांश कुठला? आन् नफा वाटायचा का न्हाई हे बोर्ड ठरवतंय. बोर्ड म्हंजी मी आन् माझा पोरगा."

कंपनीचे ताळेबंद मी मागवून घेतले आणि परभणीतल्या एका ओळखीच्या कर सल्लागाराकडे दोन संध्याकाळी बसलो. त्याने मला शाळेतल्यासारखे समजावले. जिनिंग उत्तम चालत होती. धाकटा गेल्यावर थोरल्याचा संचालक म्हणून पगार वाढला, मुलगा संचालक झाला, त्याला पगार सुरू झाला. शेजारचे गोदाम थोरल्याच्या पत्नीचे, त्याला कंपनी भाडे देऊ लागली, तेही दर वर्षी चढते. हे सगळे वजा जाता नफ्याच्या रकान्यात जेमतेम काही उरे. लाभांश निम्म्या शेअरवाल्या बाईला निम्मा द्यावा लागतो, पगार आणि भाडे द्यावे लागत नाही. दोन घरांचा नफा एकाच दारातून आत जाईल अशी सोय केली होती. सल्लागार म्हणाला, "साहेब, या एवढ्यावर तुम्ही त्याला हात लावू शकत नाही. कागदावर सगळे नियमात आहे."

याचाच मला संताप आला. तिच्याच नफ्यातून तिला तेल-साखर पाठवायची आणि वर गावात आपण विधवेला सांभाळतो म्हणून मिरवायचे. त्या किराण्याची यादी शेठच्या तोंडपाठ होती. तिच्या शेअरचा आकडा विचारला तेव्हा मात्र त्यांना आठवेना.

पगाराला हात लावता येत नव्हता, पण फॉर्मला येत होता. मी कंपनीला पत्र दिले. हस्तांतराच्या फॉर्मची सत्यप्रत द्या आणि सही कधी, कुठे, कोणासमोर झाली ते लेखी कळवा. शेठनी दोन्ही तत्परतेने पाठवले, सत्यप्रतीवर स्वतः शिक्का मारून. कंपनीच्या लेटरहेडवर लिहिले होते की सदर महिलेने फॉर्मवर नमूद तारखेस कंपनीच्या कार्यालयात, माझ्यासमोर, राजीखुशीने सही केली व मोबदला रोख स्वीकारला. खाली शिक्का. मी हवालदाराला म्हणालो, "हा कागद सांभाळ." का सांभाळायचा ते त्या वेळी मलाही माहीत नव्हते. एवढेच माहीत होते की माणसाने काही ठामपणे लेखी दिले की ते जपून ठेवावे.

बाईला बोलावले. या वेळी बाकावर बसू दिले नाही, थेट आत घेतले. ती आवाजात कसलाही चढउतार न आणता म्हणाली, "मागच्या टायमाला तुमी दिवाणी म्हणला होता."

"चुकलो. हा फॉर्म बघा. ही सही तुमची आहे?"

तिने चष्मा लावला. फॉर्म बराच वेळ पाहिला. मी मनातल्या मनात तिने काय म्हणावे याची प्रार्थना करत होतो. सही माझी नाही म्हणाली की बनावट सहीचा गुन्हा सरळ उभा राहतो, तज्ज्ञाकडे पाठवतो, काम संपले. फिर्यादी माणसे अशा वेळी खोटे बोलतात. मी त्यांना दोष देत नाही.

"सही माझीच हाय," ती म्हणाली.

माझा चेहरा पडला असणार. हवालदाराने तर पेन खाली ठेवले. सही तिची, फॉर्म पूर्ण भरलेला, साक्षीदारांच्या सह्याही होत्या. मुनीम जबाब देणार नव्हते. प्रकरण तिथेच बसल्यासारखे वाटले.

ती अजून फॉर्मच बघत होती. मग तारखेवर बोट ठेवून तिने विचारले, "ही तारीख कशाची?"

"सहीची."

"ह्या तारखेला आमचे हे जाऊन दीड वर्ष झालतं, साहेब."

"हो."

तिने बोट तारखेवरून सरकवत सहीच्या सुरुवातीला नेले आणि तिथेच ठेवले. "मग ह्या तारखेला मी सौ. कशी लिहीन?"

मी फॉर्म जवळ ओढला. सही मराठीत, गोल अक्षरात. नावाच्या आधी 'सौ.' दीड वर्ष आधी नवरा गेलेल्या बाईच्या सहीत सौ. मी तो फॉर्म आठवडाभर रोज बघत होतो. माझ्या हवालदाराने पाहिला, सल्लागारालाही दाखवला होता. ज्याने तो भरला त्याने पाहिला, शेठने तर त्यावर शिक्का मारला. आम्हा सगळ्या पुरुषांना ती फक्त सही दिसली होती. सहीत काय लिहिले आहे ते वाचायची गरज कोणालाच वाटली नाही.

"तुम्ही सहीत नेहमी सौ. लिहायचा?"

"लगीन झाल्यापासून. ह्यांनीच शिकवली होती तशी सही, बँकेत खातं काढताना." तिने चष्मा काढला. "ते गेल्यावर बँकेत सही बदलायला गेले. फॉर्म भरला आन् हाताला सवय, पुन्हा सौ. लिहिलं. मग खोडलं. काउंटरवरच्या बाई म्हणल्या, राहू द्या ताई, खाली परत करा. त्यानंतर कधीच लिहिलं न्हाई."

मग पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले एक जाड कार्ड काढून टेबलावर ठेवले. शेठच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका. "ही पण बघा. थोरल्या भाऊजींनी स्वतः मजकूर दिलता छापायला."

निमंत्रकांच्या यादीत शेवटचे नाव तिचे होते. नावाआधी छापले होते, 'गं. भा.' लग्नाची तारीख फॉर्मवरच्या तारखेच्या बरोबर एक महिना आधीची.

"पत्रिका कशाला जपून ठेवली?" मी विचारले.

"छापलेलं पयल्यांदा तितंच वाचलं," ती म्हणाली. "हळदीला मागं बसा म्हणले, ते बी त्याच लग्नात."

दुसऱ्या दिवशी बँकेत पत्र देऊन तिचे सही बदलल्याचे कागद मागवले. ते शाखेच्या फाइलमध्ये जसेच्या तसे होते. पहिल्या रकान्यात 'सौ.' आणि त्यावर एक आडवी रेघ. खाली नुसते नाव. तारीख नवरा गेल्यानंतर दीड महिन्याची. त्या रेघेच्या मधोमध शाई जराशी पसरलेली होती. पंचनाम्यात मी 'शाई पसरलेली दिसते' एवढेच लिहिले. त्याहून जास्त लिहायला पंचनाम्यात जागा नसते.

शेठना पुन्हा बोलावले. या वेळी पेढे नव्हते, वकिलाचा सल्ला घेऊन आले होते. मी त्यांना त्यांचेच लेटरहेड वाचायला दिले.

"हे बरोबर आहे ना? सही याच तारखेला झाली?"

"हाव."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर. ऑफिसात बसून केली."

"आधी कधी केलेली सही नाही?"

"न्हाई म्हणलं ना साहेब. किती डाव विचारताल?"

मी फॉर्म आणि पत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. "मग शेठ, मला एक सांगा. एक महिना आधी तुमच्या घरची पत्रिका या बाईला गं. भा. म्हणते. महिन्याने तुमच्यासमोर बसून तीच बाई सही करते आणि सौ. लिहिते. तुम्ही तिथेच होता. तुम्हाला काहीच वाटले नाही?"

त्यांनी दोन्ही कागदांकडे पाहिले. मी अनेक आरोपी फुटताना पाहिलेत. कोणी रडतो, कोणी पाया पडतो. शेठनी फक्त पत्रिका उलटी करून ठेवली.

"बायांना सवय असती," ते हळूच म्हणाले.

मी बँकेचा कागद पुढे ठेवला. "ती सवय तिने दीड महिन्यातच मोडली. ही बघा, इथे मोडली."

तो कागद बाजूला सारून ते म्हणाले, "घरातलं घरात मिटवू, साहेब. तिला पाडव्याचं पाकीट चालू करतो."

मी आवाज चढवायचा नाही असे ठरवून बसलो होतो. तरी चढलाच. "लग्नात मागे बसवताना ती विधवा आणि शेअर घेताना सवाष्ण, असे दोन्ही कसे जमवले तुम्ही?" हे वाक्य कोणत्याही जबाबात नाही. हवालदाराने ते लिहिले नाही आणि मीही लिहायला सांगितले नाही.

गुन्हा दाखल झाला. फसवणूक, मौल्यवान रोख्याची बनावट, बनावट दस्त खरा म्हणून वापरणे. फॉर्म भरणारा हिशेबनीस पहिल्याच दिवशी बोलला. कायद्याने सही झाल्यापासून साठ दिवसांत तो फॉर्म कंपनीकडे द्यावा लागतो, म्हणून जुन्या सहीवर नवी तारीख टाकावी लागली. नवरा जिवंत असतानाची तारीख टाकता येत नव्हती. कारण तो गेल्यानंतरच्या वार्षिक विवरणातही बाईचे शेअर दाखवून सरकारकडे दाखल केलेले होते. सगळा हिशेब चोख बसवला होता, तो फक्त मराठी वाचायला विसरला. सही आणि मजकूर यांची शाई वेगळी असल्याचा तज्ज्ञाचा अहवाल नंतर आला. मुनीम शेवटी कोर्टात आले, न बोलावता. "पोरगं गेलं तितून," एवढेच म्हणाले.

कंपन्यांच्या न्यायाधिकरणात तिचे शेअर परत तिच्या नावावर झाले. घराची नोटीस मागे घेतली गेली. ती आता संचालक आहे. बोर्डात ती बसल्यावर गोदामाचे भाडे किती असावे यावर पहिल्यांदा चर्चा झाली म्हणे, आणि चांगली तासभर झाली. त्या पाडव्याला लाभांश जाहीर झाला. पाकिटावर कुंकू लावायला कोणी नव्हते, तर तिने स्वतः लावले आणि दोन्ही पाकिटांना लावले.

फौजदारी खटला मात्र रेंगाळला. माझी साक्ष निघाली तेव्हा निवृत्त होऊन मला वर्ष झाले होते. शेठच्या वकिलाने उलटतपासात फाइलमधून एक कागद काढला. बाईचा पहिला अर्ज. त्यावरचा शेरा त्याने मोठ्याने वाचून दाखवला, 'सदर बाब दिवाणी स्वरूपाची असून'. मग म्हणाला की पोलिसांनाही सुरुवातीला यात गुन्हा दिसला नव्हता, नंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून तो रचला गेला.

"हा शेरा कोणी मारला, हे सांगता येईल?"

उत्तर देण्याच्या अनेक वाटा होत्या. लेखनिकाने लिहिला, गर्दीचा दिवस होता, मला आठवत नाही. खात्यात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्या सगळ्या येतात. समोरच्या बाकावर ती बसली होती, तीच कापडी पिशवी मांडीवर. त्या दिवशी माझ्या टेबलावर तिला एका शब्दात केस जिंकता आली असती. सही माझी नाही, एवढे म्हटले की झाले असते. तिने तसे म्हटले नाही. सत्य तिच्या विरुद्ध जात होते तरी ते तिने आधी टेबलावर ठेवले आणि त्यातूनच मग बाकीचे निघाले.

या प्रकरणाने मला शेअर शिकवले, लाभांश शिकवला, कागद अक्षर न् अक्षर वाचायला शिकवले. थोरल्याचा राग मला आजही येतो. पण त्याने फॉर्म न वाचता शिक्का मारला आणि मी अर्ज न वाचता शेरा मारला. यातले कोणते वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी कागद हातात घेतला, चष्मा लावला, नीट पाहिला.

"सही माझीच आहे," मी म्हणालो. "शेरा चुकीचा होता."